सौद्यातला समोरचा

१

कारंज्याच्या सौदा गल्लीत, गुरांच्या सरकी-ढेपेच्या दुकानावर माझी भाड्याची खोली होती. आपला भाग मध्यप्रदेशात होता, त्या दिवसांतली ही गोष्ट. खोलीत एक गादी, एक सुरई, खुंटीला टांगलेला कोट आणि गल्लीकडे उघडणारी एक खिडकी. माझा सगळा धंदा त्या खिडकीतून चालायचा.

मी माळ्याचा मुलगा. गावाबाहेर मानोऱ्याच्या वाटेवर आमचा मळा होता, घरही त्यातच. धाकटा भाऊ नथ्थू तो पिकवायचा. वांगी, सांबार म्हणजे कोथिंबीर, काकडी, जे निघेल ते बाजारात नेऊन विकायचा. मी थोडा शिकलो, सरकी काढणाऱ्या एका जिनात काही वर्षं हिशेबनीस होतो, आणि मग नोकरी सोडून रुईच्या वायद्यात पडलो. पुढल्या महिन्यांत येणारी रुई आजच्या भावाने घ्यायची किंवा विकायची, हा वायदा. प्रत्यक्षात रुईचा पुंजकासुद्धा हातात येत नाही. भाव चढला की घेणाऱ्याचं भलं, उतरला की विकणाऱ्याचं. लोक मला सट्टेवाला म्हणत. मला तो शब्द आवडत नसे. मी कोणाचा नोकर नव्हतो, कोणाचा भागीदारही नव्हतो, आणि माझ्या चुकीचा दोष मी दुसऱ्यावर टाकत नसे.

समोरच्या ओट्यावर गोपीचंद दलालाची पेढी होती. त्याच्याकडे टेलिफोन होता. मुंबईचा भाव अकोल्यावरून त्याच्या फोनवर यायचा, तो ओट्यावर येऊन मोठ्याने सांगायचा, आणि मी खिडकीतून हात दाखवायचो. तळवा माझ्याकडे म्हणजे घेतलं. तळवा त्याच्याकडे म्हणजे विकलं. हात दिसला नाही म्हणजे आज काही करायचं नाही.

सकाळी मळ्यातून निघालो की वाटेत कोणाशी बोलायचं नाही, हा माझा नेम होता. बाजाराबद्दलचं एखादं वाक्य कानावर पडलं तरी ते दिवसभर भुंग्यासारखं डोक्यात फिरतं, आणि मग घेतलेला निर्णय आपला राहत नाही. खोलीत आलो की सुरई भरायची, गादीवर बसायचं आणि वाट पाहायची. या धंद्यात सगळ्यात अवघड काम गप्प बसण्याचं असतं. दुपारी गल्ली तापायची, खालून ढेपेचा आंबूस वास वर यायचा, आणि मी तासन् तास एकाच गोष्टीचा विचार करत राहायचो.

मी विकतो, तेव्हा त्याच क्षणी कोणीतरी घेत असतो. त्याशिवाय सौदा होतच नाही. मी ज्याला नाही म्हणतो त्याला तो हो म्हणतो. माझ्याइतकाच विचार करून, माझ्याइतक्याच खात्रीने. तो कोण असेल? कुठल्या खोलीत बसला असेल? मुंबईत, की इथेच गल्लीत? एकदा मी गोपीचंदला हे विचारलं तेव्हा तो हसला आणि म्हणाला, दौलतराव, समोरचा कोण ते पाहत बसाल तर सौदा कधी करणार?

२

त्या वर्षी आमच्या बेबीला गोवर झाला होता. त्यातून ती उठली तेव्हा माझ्या बायकोने, हौसाने, पोहरादेवीला नवस बोलला. मळ्याला लागून बंजाऱ्यांचा एक तांडा होता. तिथल्या रुपाबाईशी हौसाची मैत्री होती. रुपाबाईच्या घरची गाडी दरवर्षी रामनवमीला पोहरादेवीला जायची, त्याच गाडीतून आम्ही तिघांनी जायचं ठरलं. मीही येतो म्हणालो होतो.

निघायच्या दिवशी मी गेलो नाही. बाजार चार दिवस घसरत होता, मी विकून बसलो होतो, आणि नवमीची सुट्टी संपून बाजार उघडेल तेव्हा मला खिडकीत असणं भाग होतं. हौसाने बेबीला उचलून गाडीत ठेवलं आणि माझ्यासाठी बांधलेली भाकर परत घरात आणून ठेवली. ती भाकर मी दुपारी खोलीत खाल्ली.

बाजार उघडला तो दिवस मला नीट आठवतो. गोपीचंदने भाव सांगितला, मी विकलं. पुन्हा भाव आला, पुन्हा विकलं. ऊन इतकं होतं की खिडकीच्या गजाला हात लावता येत नव्हता. मी दिवसभर उठलोसुद्धा नाही.

गाडी परत आली ती दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. हौसा उतरली तीच हसत. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण असा उजळलेला चेहरा मी क्वचितच पाहिला होता. तिने प्रसादाचं खोबरं माझ्या हातावर ठेवलं आणि म्हणाली, "बरं झालं तुमी मांगून आले. नाईतं माही पोरगी गेलीच होती."

मला वाटलं ती टोमणा मारतेय. मग बेबीने सांगायला सुरुवात केली. आदल्या दिवशी सकाळी देवळाजवळच्या गर्दीत तिचा हात सुटला, ती रडत कुठल्यातरी गाड्यांच्या मागे गेली, तिथे बाबा आले, बाबांनी खांद्यावर बसवलं, रेवड्या घेऊन दिल्या. खांद्यावरून तिला सगळी माणसं दिसत होती, असं ती पुनःपुन्हा सांगत होती.

"मंग बाबा कुठी गेले?" मी विचारलं.

"आईपाशी देलं मले अन् गेले," बेबी म्हणाली. "तुमीच तं म्हणलं, बाजारात जा लागते म्हून."

३

तो मी नव्हतो, हे म्हणण्यासाठी तोंड उघडलं आणि हौसाचा चेहरा पाहून मिटलं.

दुसऱ्या दिवशी तांड्यावर जाऊन मी रुपाबाईला विचारलं. ती गोवऱ्या थापत होती. मी आडून आडून विचारत राहिलो, गर्दी फार होती का, पोरीला कोणी आणलं, त्या माणसाने काय घातलं होतं. रुपाबाईने हात थांबवले आणि माझ्याकडे नीट पाहिलं.

"तुमीच आनली ना, भाऊ. खांद्यावर बसवून. मले म्हणलं, रुपाबाई, पोरीले पानी पाजा. उन्हानं डोस्कं फिरलं काय?"

मीही तेच धरून चाललो. ऊन. हौसाला ऊन लागलं असेल, रुपाबाईला लागलं असेल, माझ्यासारखा दिसणारा कोणी भला माणूस असेल आणि घाबरलेल्या पोरीने त्याला बाबा म्हटलं असेल. पण मग त्याने रुपाबाईला नावाने हाक कशी मारली? की मीच गेलो होतो? या विचारावर मी वाटेतच थांबलो. खोलीत बसून बसून माणसाचं मन चळतं हे मी ऐकलं होतं. मी पोहरादेवीला जाऊन आलो आणि विसरलो, असं झालं असेल का?

सरळ गोपीचंदकडे गेलो. बाजार उघडला त्या दिवशी मी खिडकीत होतो का, असं विचारलं. तो म्हणाला, होते की, दिवसभर होते, विकून राह्यले होते. त्याच्या वहीत माझे सौदेही लिहिलेले होते. म्हणजे मी इथेच होतो. मला फार हलकं वाटलं. खोलीत जाऊन मी पाणी प्यालो, आणि ते घशाखाली उतरायच्या आत दुसरा प्रश्न समोर आला. मी इथे होतो, तर मग तिथे कोण होतं?

४

वैशाखात बाजार मेल्यासारखा झाला. भाव हलेना. एके दिवशी दुपारी मी ठरवलं, आज काही करायचं नाही. खिडकी लोटली, कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली आणि मळ्यात आलो. संध्याकाळपर्यंत चिंचेखाली बेबीशी चिंचोके खेळलो. हौसाने आश्चर्याने दोनदा बाहेर येऊन पाहिलं.

दुसऱ्या दिवशी गल्लीत शिरलो तर गोपीचंद ओट्यावरून उतरून सामोरा आला. त्याने माझ्या पाठीवर थाप मारली. काल मी चांगलं घेतलं म्हणाला. सगळी गल्ली झोपली होती, त्याच वेळी माझा हात खिडकीतून निघाला, तळवा आतल्या बाजूला, आणि तासाभरात भाव उसळला.

मी म्हणालो, मी काल दुपारीच घरी गेलो होतो.

गोपीचंद माझी थट्टा करत असेल असं मला वाटलं. त्याला वाटलं मी करतोय. मग त्याने फोन वाजला म्हणून आत धाव घेतली.

मी वर गेलो. कुलूप मी लावलं तसंच होतं. आत गादीवर बसल्याचा खळगा होता, पण तो रोजचाच. खिडकी उघडी होती. मी ती लोटली होती याची मला खात्री होती. नीट विचार केला तेव्हा तेवढी खात्री राहिली नाही. वाऱ्याने उघडली असेल. सुरई उचलून पाहिली. आदल्या दिवशी जाताना ती गळ्यापर्यंत भरलेली होती. आता ती रिकामी होती, आणि तळ कोरडा होता. उन्हाळ्यात सुरई झिरपते. पण खालची जमीन पार कोरडी होती.

मी ती पुन्हा भरून ठेवली. त्या दिवशी भाव येत राहिले आणि माझा हात वर गेला नाही. हात वर करायला मला भीती वाटत होती. माझ्या हाताबरोबर दुसरीकडे कुठेतरी उलटा हात वर जात असेल, आणि तो कुठे जातो ते मला कळणार नाही, असं वाटायचं.

५

नथ्थू आणि माझ्यात बोलणं बंद होऊन बरेच दिवस झाले होते. कारण साधंच होतं. विहिरीतला गाळ काढायला तो मला बोलवत होता, आणि मी दरवेळी बाजाराचं कारण सांगून टाळत होतो. त्या उन्हाळ्यात पाणी खाली गेलं, मोटेत चिखल येऊ लागला. नथ्थूने एकदा शेवटचं विचारलं. मी म्हणालो, मजूर लाव. तो उठून गेला.

त्यानंतर एका सकाळी मी बाजारात जायला निघालो तर तो बांधावर उभा होता. काकड्यांची पाटी त्याने माझ्यासमोर ठेवली. कोवळ्या, पहिल्या तोडीच्या होत्या.

"घरी ने, दादा," तो म्हणाला. त्याचा आवाज भरून आला होता. "काल तू उतरला ना विहिरीत माह्यासंगं, मले लहानपणी आपले बाबा उतरत तसंच वाटलं. म्या तुले लय बोललो. मनात ठेवू नको."

मी पाटीकडे पाहत राहिलो. विहिरीच्या काठावर काळ्या गाळाचा मोठा ढीग होता, अजून ओला. त्यात पावलं उमटली होती. एक नथ्थूचं पाऊल, फाकलेल्या बोटांचं. दुसरं कोणाचं ते मी जवळ जाऊन पाहिलं नाही.

नथ्थूने माझ्या गळ्यात हात टाकला. मी त्याला तो मी नव्हतो असं सांगू शकलो नाही. सांगितलं असतं तर आमच्यात आलेलं हे गोड काहीतरी पुन्हा गेलं असतं. पण ज्याच्यासाठी माझा भाऊ विरघळला होता तो मी नव्हतो, आणि त्याचा हात मात्र माझ्या गळ्यात होता. मला त्या अनोळखी माणसाचा हेवा वाटला. मग त्याची भीती वाटली. नंतर कितीतरी वेळ यातलं काय खरं वाटतंय तेच कळेना.

खोलीत बसून मी धंदेवाल्यासारखा विचार केला. मी पोहरादेवीला नाही म्हणालो, कोणीतरी गेला. मी सौद्याला नाही म्हणालो, कोणीतरी केला. मी विहिरीला नाही म्हणालो, कोणीतरी उतरला. मी टाकलेलं तो उचलतो. बाजारात हा रोजचा व्यवहार आहे, त्यात भिण्यासारखं काही नाही, असं मी मनाला समजावलं. पण बाजारात समोरचा रुई घेतो. हा काय घेत होता?

६

त्याला पाहायचंच असं मी ठरवलं. त्यासाठी त्याला फसवणं भाग होतं.

एके दिवशी सकाळी हौसा म्हणाली, आज पुरणपोळी करते, दुपारी जेवायला या. मी म्हणालो, जमणार नाही, आज बाजार सोडता येत नाही. तिने मान हलवली. मी खोलीत येऊन बसलो. आपण आज घरी जाणार नाही, असं मी मनात म्हणत राहिलो, अगदी प्रामाणिकपणे, खरंच न जाण्याचं ठरवून. भाव आले, गेले. जेवणवेळ झाली. मग एकाएकी उठलो, कोटही न घेता जिना उतरलो आणि भर उन्हात मळ्याकडे चालत सुटलो.

मळ्यात शुकशुकाट होता. बैल सावलीला बसले होते. नथ्थू दिसला नाही. मी पुढच्या दाराने न जाता लिंबाच्या कुंपणामागून घराच्या मागच्या अंगाला आलो. स्वयंपाकघराला मागे एक लहान झरोका होता. त्यातून तुपाचा आणि पुरणाचा वास येत होता.

आत कोणीतरी हसलं. पुरुषाचं हसू. असं मोकळं हसू मी बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं, त्यामुळे ते माझं आहे हे कळायला मला वेळ लागला. मग बेबी काहीतरी बोलली आणि तो आवाज म्हणाला, "माह्या ताटातली घे."

मी झरोक्याला डोळा लावला. बाहेरच्या उन्हातून आतल्या अंधारात आधी काही दिसेना. मग चुलीचा लाल डाग दिसला, हौसाचा हात दिसला, वाढण्यासाठी पुढे झालेला. आणि पाटावर बसलेल्या माणसाची पाठ दिसली. सदरा घामाने पाठीला चिकटला होता. मान थोडी वाकलेली. आपली पाठ माणसाला कधी दिसत नाही. तरी मी ती ओळखली.

हौसा त्याच्याकडे पाहत होती. तिचं ते पाहणं मी कधीही विसरणार नाही.

त्याची मान हलली. तो मागे वळणार असं मला वाटलं, आणि मी झरोका सोडून धावत पुढच्या दाराने आत घुसलो.

पाटावर कोणी नव्हतं. ताटात अर्धी पुरणपोळी होती. बेबी तोंड भरून खात होती. हौसाने वर पाहिलं, हातातली तुपाची वाटी तशीच धरून.

"इतल्या लवकर हात धून आले?" ती म्हणाली. "बसा. पोळी थंडी होते."

मी बसलो. पाट गरम होता. माझ्यासमोर उष्टी पोळी होती, आणि त्या दोघी माझ्या खाण्याची वाट पाहत होत्या. मी घास घेतला. तूप वाढताना हौसाचा हात माझ्या हाताला लागला तेव्हा ती क्षणभर थांबली. तिने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि तिच्या डोळ्यांतलं ते मघाचं हळूहळू विझलं.

"काय झालं?" मी विचारलं.

"काई नाई," ती म्हणाली. "दमले दिसता."

७

त्याच आठवड्यात मी धंदा सोडला. भीतीपेक्षाही हौसाच्या त्या विझलेल्या नजरेने मला सोडायला लावलं. तिच्यासमोर त्या पाटावर बसायला आता मीच जाणार, दुसऱ्या कोणासाठी ती जागा रिकामी ठेवायची नाही, एवढंच मला कळत होतं. गोपीचंदला जाऊन सांगितलं, माझे उभे सौदे मिटवून टाका, मी आता मळा पाहणार. तो बराच वेळ मला समजावत होता. हातातला चांगला बाजार कोणी असा सोडतो का, असं त्याचं म्हणणं होतं. शेवटी त्याने सौदे मिटवले.

पेढीवरून उतरलो तेव्हा दुपारचा भाव आला. माझ्यामागे गोपीचंद ओट्यावर आला, त्याने सवयीने मान वर केली आणि भाव ओरडला. मीही सवयीने वर पाहिलं.

माझ्या खिडकीतून एक हात बाहेर आला. तळवा आतल्या बाजूला.

गल्लीत माणसं होती, कोणाला काही विशेष वाटलं नाही. गोपीचंदने मान डोलावली आणि तो आत फोनकडे वळला. मी त्याच्यापासून दहा हातांवर उभा होतो. त्याने माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. मला वर जाता आलं असतं. किल्ली माझ्याकडेच होती. मी ती सरकी-ढेपेच्या दुकानदाराच्या गल्ल्यावर ठेवली आणि मळ्याची वाट धरली. माझं एवढंही धैर्य झालं नाही, हे खरं. पण दुसऱ्या कोणाचं झालं असतं असंही मला वाटत नाही.

नंतरचे दिवस सुखाचे गेले. मी सकाळी नथ्थूबरोबर मोट धरायचो, दुपारी घरी जेवायचो. हाताला घट्टे पडले. हौसा आधी जपून बोलायची, मग हळूहळू हसू लागली. गावात गेलेला नथ्थू कधी सांगायचा, गोपीचंद विचारत होता, दौलतराव आजकाल जिना उतरून बोलायलाही येत नाहीत, नुसता हात दाखवतात. नथ्थू म्हणायचा, तुझा हा मित्र म्हातारा होत चालला. मी हो म्हणायचो.

गल्लीकडे मी कधी फिरकलो नाही. तरी दुपारी बाजाराची वेळ झाली की माझं चित्त मोटेवर राहत नसे. ढेपेचा वास नाकात यायचा. तो आता काय करत असेल? घेत असेल की विकत असेल? त्याला घरी यावंसं वाटत असेल का? त्याने येऊ नये म्हणून मी घरातून हलत नव्हतो, आणि मी हलत नव्हतो म्हणून त्याला तिथे बसून राहावं लागत होतं.

८

ज्येष्ठ लागला होता, पाऊस आला नव्हता. दुपारी मी वांग्यांना पाणी फिरवत होतो. नथ्थू बाजारात गेला होता. वाटेवर टांगा थांबला आणि त्यातून गोपीचंद उतरला. त्याच्या डोक्यावर टोपी नव्हती. तो घाईने बांधावरून येत होता, आणि मला पाहताच जिथे होता तिथे खाली बसला. पाण्याच्या दंडात, चिखलात.

मी फावडं टाकून त्याच्याजवळ गेलो. मी ओंजळीने त्याला पाणी पाजलं. त्याने माझा दंड चाचपला, मग खांदा, मग पुन्हा दंड.

"मी आत्ताच तुमाले झाकून आलो," तो म्हणाला.

मग तुटक तुटक त्याने सांगितलं. सकाळपासून खिडकीत हात दिसला नाही. भाव पडत होता, त्याने हाका मारल्या, कोणी उत्तर देईना, म्हणून तो वर गेला. दार उघडंच होतं. मी गादीवर आडवा होतो, तोंड भिंतीकडे. अंग गार पडलं होतं. गोपीचंदने खुंटीवरचा कोट काढून माझ्यावर टाकला. लोक जमले. कोणीतरी म्हणालं घरी कळवा, आणि तो टांगा आणायला खाली उतरला.

"अन् मंग?"

"मंग टांगा आनायची गरजच नाई पडली. हौसावैनीच आल्या. कोनं सांगतलं काय माईत. गाडी घेऊन आल्या, संगं बेबी होती. रडल्या नाईत, काई नाई. मानसं लावून तुमाले खाली आनलं, गाडीत ठेवलं, अन् घेऊन गेल्या." त्याने वाटेकडे बोट केलं. "म्या डोयानं पाह्यलं. गाडी इकडंच वळली. म्हणलं मयात मानसं लागतीन, म्हून मांगून आलो."

वाट मोकळी होती. लांबपर्यंत उन्हात धूळसुद्धा हलत नव्हती.

"वाटनं गाडी भेटली?"

त्याने मान हलवली. नाही.

मी घराकडे धावलो. एवढंसं अंतर, पण ते संपेना. दारात बेबी चिंचोके मांडून बसली होती. मी तिला ओलांडून आत गेलो. हौसा चुलीपुढे बसून पीठ मळत होती. तिच्या कोपरापर्यंत पीठ होतं, कपाळावर घाम होता. मी दाराच्या चौकटीला धरून उभा राहिलो. ती आहे, पोरगी आहे, मी आहे, असं मी मनात मोजत होतो, आणि तरी धाप थांबत नव्हती.

"कोन आलं?" तिने विचारलं. "गोपीचंदभाऊचा आवाज वाटला."

"सकायपासून तू कुठी गेली होती काय?" मी विचारलं.

"कुठी जाईन? घरीच तं हावो."

मी तिच्याजवळ खाली बसलो. कोणीतरी माझ्यासाठी मेला होता, की मी मेलो होतो आणि हा जो बसला आहे तो कोणी दुसराच होता, हेही मला धड ठरवता येत नव्हतं. ती माझ्याकडे पाहत होती, हात पिठात.

तेव्हाच लिंबाच्या कुंपणापलीकडून रडणं ऐकू आलं. आधी बारीक, मग मोठ्याने. कोणी बाई ऊर फोडून रडत होती, आणि रडता रडता कोणाला तरी उठवत होती. पलीकडे मोकळं वावर होतं, घर नव्हतं, झाड नव्हतं. मध्येच एका लहान पोरीने बाबा म्हणून हाक मारली.

हौसाचे हात थांबले. तिने मान तिरपी करून ऐकलं. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला. तो आवाज कोणाचा आहे ते मला कळलं होतं, आणि तिलाही कळलं असावं, कारण तिने पिठाने भरलेला हात उचलला आणि स्वतःच्या तोंडावर घट्ट दाबून धरला.

रडणं थांबलं नाही.